मेडिकेअर, खासगी कंपन्या आणि आई-बाबा

बाबा लवकरच ६५ पूर्ण करतील आणि अमेरिकेत ज्येष्ठांसाठी असलेला सरकारी आरोग्य विमा, म्हणजे मेडिकेअर, त्यांना लागू होईल. एजंट शून्य प्रीमियमचा अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन घ्या म्हणतोय, वर दात-चष्मा फुकट. यात कंपनीला काय मिळतं?

सरकारचे पैसे. १९९७च्या कायद्याने मेडिकेअरमध्ये पार्ट सी, म्हणजे खासगी कंपनीमार्फत मेडिकेअर घेण्याचा पर्याय, आला, २००३मध्ये त्याचं नाव अ‍ॅडव्हान्टेज झालं आणि आज निम्म्याहून अधिक पात्र ज्येष्ठ त्यात आहेत. प्रत्येक सभासदामागे कंपनीला दरमहा ठरलेली रक्कम मिळते. सभासदाच्या नावावर आजार जास्त, तर रक्कमही जास्त. म्हणूनच वर्षातून एकदा घरी नर्स पाठवून आजार नोंदवायला कंपन्या इतक्या उत्सुक असतात! हेच लोक मूळ, म्हणजे थेट सरकारी मेडिकेअरमध्ये असते तर झाला असता त्यापेक्षा २०२५मध्ये सुमारे २० टक्के जास्त खर्च सरकारला येईल, असा अमेरिकी काँग्रेसला सल्ला देणाऱ्या मेडपॅक आयोगाचा अंदाज होता. चष्म्याचे पैसे निघतात ते यातूनच.

पार्ट बीचा, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टर-तपासण्यांच्या भागाचा, हप्ता मात्र भरावाच लागतो. २०२५मध्ये तो साधारणपणे महिना १८५ डॉलर होता. एक फायदा खरा आहे: नेटवर्कमधल्या, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांतल्या, उपचारांसाठी वर्षभरात खिशातून जाणाऱ्या पैशांना मर्यादा असते. मूळ मेडिकेअरमध्ये ती नाही. बाबांचे डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत का, हे एजंटला नको, डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून विचारा.

ऑपरेशननंतर आईला रिहॅबमध्ये ठेवायला कंपनीने नकार दिला. भांडण्यात अर्थ आहे?

आहे, आणि लगेच. २०२३मध्ये अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनच्या प्रायर ऑथोरायझेशनच्या (उपचाराआधी घ्यायच्या मंजुरीच्या) नकारांपैकी जेमतेम १२ टक्क्यांविरुद्ध अपील झालं. पण ज्यांनी केलं, त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत कंपनीने निर्णय पूर्ण किंवा काही अंशी फिरवला. लोक अपील करत नाहीत, हेच कंपनीच्या पथ्यावर पडतं. डॉक्टरांकडून पत्र घ्या आणि तातडीचं अपील मागा. त्याचं उत्तर सहसा ७२ तासांत द्यावं लागतं.

प्लॅन आवडला नाही तर मूळ मेडिकेअरमध्ये परतता येतं ना?

येतं, १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरच्या मुदतीत. अडचण मेडिगॅपची, म्हणजे खासगी पूरक विम्याची, आहे. मूळ मेडिकेअरमधला तुमच्या वाट्याचा २० टक्के खर्च तोच पेलतो. वय ६५ आणि पार्ट बी सुरू, तिथून सहा महिने कोणतीही मेडिगॅप कंपनी आजारामुळे नाही म्हणू शकत नाही. त्यानंतर न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन सोडले तर बहुतेक ठिकाणी तब्येत विचारतात, नकारही देतात. ६५व्या वर्षीच थेट अ‍ॅडव्हान्टेजमध्ये गेलेल्यांना पहिल्या १२ महिन्यांत परतून तब्येतीची अट न लागता मेडिगॅप घेण्याची सवलत आहे. मधुमेह किंवा हृदयविकार असेल आणि हप्ता परवडत असेल, तर मी सुरुवातीलाच मेडिगॅप घ्यायला सांगेन.

दोघं चार महिने भारतात असतात. तिथे काय?

मूळ मेडिकेअर भारतात पैसे देत नाही. काही मेडिगॅप प्लॅन प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतल्या तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च देतात. आधी २५० डॉलर तुमचे, आणि आयुष्यभराची मर्यादा ५० हजार डॉलर. तेव्हा वेगळा प्रवास विमा घ्याच. अ‍ॅडव्हान्टेज असेल तर मुक्काम लांबवू नका: सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास बहुतेक प्लॅन नाव काढून टाकतात.