अमेरिकेतल्या काउंटी कोर्टातले घटस्फोटाचे कागद बाहेरच्या माणसाला बघता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की धाकट्या बहिणीला बे एरियातल्या घटस्फोटित मुलाचं स्थळ आलंय, त्याने कोर्टाचा कागद म्हणून एका पानाचा फोटो पाठवलाय, आणि आपण त्या केसमध्ये कोणीच नसताना ते रेकॉर्ड बघता येतं का, येत असेल तर कुठे. हो, कॅलिफोर्नियात येतं. मी इथे बरीच वर्षं राहते आणि ओळखीतल्या काही घरांसाठी हे कागद काढून आणलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण नेटवर यावर जे सापडतं त्यातलं निम्मं पैसे उकळणाऱ्या साइटींचं असतं.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की अमेरिकेत एकच मोठं कोर्टाचं रेकॉर्ड असेल आणि त्यात नाव टाकलं की सगळं समोर येईल. तसं नाहीये. फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टांचं रेकॉर्ड पेसर नावाच्या साइटवर आहे, पानाला १० सेंट पडतात, पण तिथे घटस्फोट मिळत नाहीत, तिथे दिवाळखोरी वगैरे मिळेल. घटस्फोट हा राज्याच्या कोर्टाचा विषय आणि राज्याचं कोर्ट चालतं काउंटीनुसार. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं समजा. एकट्या कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत एक सुपिरिअर कोर्ट, प्रत्येकाचं दफ्तर वेगळं, साइट वेगळी.

म्हणून पहिला प्रश्न कुठली काउंटी हा, आणि लोक इथेच अडकतात. ‘बे एरिया’ ही काउंटी नाही, त्यात नऊ काउंट्या येतात. सनीव्हेल, क्युपर्टिनो, मिलपिटस, सॅन होजे हे सँटा क्लारा काउंटीत, फ्रीमाँट, डब्लिन, प्लेझंटन हे अलामेडा काउंटीत, आणि डब्लिनला अगदी चिकटून असलेलं सॅन रमोन मात्र काँट्रा कॉस्टात. मिलपिटसहून फ्रीमाँटला गाडीने गेलात तर सीमा कधी ओलांडली कळतसुद्धा नाही, पण कोर्टाच्या दृष्टीने ती दोन वेगळी घरं. लग्न कुठे झालं याला इथे महत्त्व नाही, पुण्यात झालं असलं तरी चालतं. कॅलिफोर्नियात घटस्फोटाचा अर्ज करायला नवरा-बायकोपैकी एकाने राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं, बस. त्यामुळे अर्ज केला तेव्हा तो कुठे राहत होता हे विचारायचं, आज कुठे राहतो हे नाही. नोकरी बदलली की माणूस गाव बदलतो, कधी राज्यसुद्धा बदलतो, आणि बायको तोवर दुसरीकडे राहायला गेली असेल तर तिच्या काउंटीतही केस असू शकते.

काउंटी कळली की त्या सुपिरिअर कोर्टाच्या साइटवर केस सर्च असतो. बऱ्याच काउंट्यांमध्ये नावाने शोधता येतं, काही ठिकाणी नाव शोधायला फी लागते, काही ठिकाणी केस नंबरच हवा. सापडलं तर तुम्हाला दिसेल केस नंबर, दोघांची नावं, अर्ज कधी दाखल झाला आणि पुढे काय काय दाखल झालं त्याची यादी. खरे कागद मात्र घरबसल्या दिसणार नाहीत. कौटुंबिक केसचे कागद बाहेरच्या लोकांना इंटरनेटवर उघडे करायचे नाहीत असा कॅलिफोर्नियाच्या कोर्टांचा नियमच आहे, ते कोर्टात प्रत्यक्ष येऊन बघायचे. मला हा नियम पटतो, कारण त्या फायलीत माणसाचा पगार, मुलांची नावं, भांडणं सगळं असतं आणि ते गुगलवर फिरावं असं कोणालाच वाटणार नाही.

नावाने शोधताना आपल्या लोकांची फार पंचाईत होते. पाटील किंवा जोशी टाकलं तर ढीगभर निघतात. फडकेचं स्पेलिंग पी-एच ने की एफ ने, चव्हाणच्या शेवटी ए आहे की नाही, वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून आलंय की पहिल्या नावाला चिकटून एकच शब्द झालाय, हे सगळं करून बघायला लागतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असला तर इथल्या कागदांवर पहिल्या नावाच्या जागी चक्क एफएनयू, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’, छापून येतं आणि खरं नाव आडनावाच्या जागी जातं. आणि बायकोच्या नावानेही शोधा, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही, कारण आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत लग्नात पहिलं नावसुद्धा बदलतात. नावाने काहीच निघालं नाही म्हणजे केस झालीच नाही असा निष्कर्ष लगेच काढू नका.

खरं तर सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे मुलालाच काउंटी आणि केस नंबर विचारा. तुम्हाला संकोच वाटतोय हे तुमच्या प्रश्नातून कळतंय, पण यात अपमान काही नाही. ज्याचा घटस्फोट रीतसर झालाय त्याच्याकडे केस नंबर असतोच, पुढे ग्रीन कार्डाला, दुसऱ्या बायकोच्या व्हिसाला त्याला हे कागद लागणारच आहेत. आपण मुलीची पत्रिका, पगार, घरदार सगळं विचारून घेतो आणि हा एक आकडा विचारायला लाजतो, हे मला कधी समजलेलं नाही.

नंबर मिळाला की इथे राहणाऱ्या कोणालातरी कोर्टात पाठवा, नातेवाईक, मित्र, मंडळातलं कोणी. सँटा क्लारा काउंटी असेल तर सॅन होजेच्या डाउनटाउनला फॅमिली जस्टिस सेंटर म्हणून कोर्टाची इमारत आहे, तिथे. क्लार्कच्या ऑफिसात लोकांसाठी काँप्युटर ठेवलेले असतात, त्यावर फाइल वाचता येते, वाचायला पैसे नाहीत. तुम्ही कोण, कशाला हवंय हे सांगायचं बंधन नाही, कोर्टाचं रेकॉर्ड मुळात सगळ्यांसाठी उघडं असतं आणि बंद करायचं तर न्यायाधीशाला तसा वेगळा हुकूम काढावा लागतो. कॉपी हवी तर पानाला ५० सेंट. केस नंबर नसेल आणि क्लार्कला शोधायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला तर १५ डॉलर शोधण्याची फी. घटस्फोटाच्या निकालाची सर्टिफाईड कॉपी, म्हणजे क्लार्कच्या सही-शिक्क्याची, तिचे १५ डॉलर वेगळे. जुनी फाइल गोदामात गेली असेल तर मागवायला लागते आणि मग दुसऱ्यांदा जावं लागतं. पोस्टानेही मागवता येतं, पण भारतातून डॉलरचा चेक, परतीचा लिफाफा या भानगडीपेक्षा माणूस पाठवलेला बरा.

आता मुख्य भाग, फाइलमध्ये बघायचं काय. तुम्हाला आलेला फोटो बहुतेक एफएल-१८० फॉर्मचं पहिलं पान असणार, त्यावर मोठ्या अक्षरात जजमेंट लिहिलेलं असतं. आता त्यावर खूण कुठे केली आहे ते नीट बघा, कारण हाच फॉर्म तीन गोष्टींना वापरतात: डिसोल्यूशन म्हणजे घटस्फोट, लीगल सेपरेशन, आणि नलिटी म्हणजे लग्नच रद्द. लीगल सेपरेशनमध्ये लग्न कायम असतं, दोघं फक्त कायद्याने वेगळे राहतात, अशा माणसाला दुसरं लग्न करता येत नाही. दुसरं म्हणजे वैवाहिक स्थिती संपल्याची तारीख. कॅलिफोर्नियात दुसऱ्या पक्षाला कागद बजावल्यापासून निदान सहा महिने गेल्याशिवाय लग्न संपत नाही, त्यामुळे निकालाच्या कागदावरची सहीची तारीख वेगळी आणि लग्न संपल्याची तारीख त्याच्या नंतरची, असं होऊ शकतं. सोबत एफएल-१९० नावाची एक पानी नोटीस असते, त्यात निकाल दफ्तरी दाखल झाल्याचं लिहिलेलं असतं, तीही घ्या.

मग मूळ अर्ज, एफएल-१००. त्यात लग्नाची तारीख, वेगळे झाल्याची तारीख आणि अल्पवयीन मुलं आहेत का हे असतं. मुलगा म्हणतो लग्न सहा महिने टिकलं आणि अर्जात सहा वर्षं दिसली, तर तिथेच थांबून विचारता येतं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि कोणीच न बघणारा मुद्दा हा, की पहिली बायको कोर्टात आली होती का. निकालाच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं असतं की केस लढवली गेली, की डिफॉल्ट किंवा विनावाद गेली, आणि बायकोला समन्स कधी पोचलं. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर डिफॉल्ट होतं, म्हणजे आपल्याकडचं एकतर्फी. इथल्या कायद्याने तो घटस्फोट पक्का असतो, पण भारतात? आपल्या सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा वाय. नरसिंहराव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी हा निकाल यावरच आहे. लग्न १९७५ मध्ये तिरुपतीला झालेलं, नवऱ्याने अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टातून घटस्फोट घेतला आणि दुसरं लग्न केलं, पहिल्या बायकोने द्विभार्येची तक्रार केली. सुप्रीम कोर्टाने तो अमेरिकन घटस्फोट मानला नाही. कारण असं, की हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर घटस्फोटाचं कारणही त्याच कायद्यातलं हवं, ‘आता पटत नाही, लग्न मोडलंय’ हे कारण त्या कायद्यात नाही, आणि कॅलिफोर्नियात जवळजवळ सगळे घटस्फोट त्याच कारणावर होतात. अपवाद हा, की दुसऱ्या पक्षाने संमती दिलेली असेल, किंवा स्वखुशीने त्या कोर्टापुढे येऊन आपल्या कायद्यात बसणाऱ्या कारणावर केस लढवली असेल.

म्हणून फाइलमध्ये पहिल्या बायकोचं उत्तर, एफएल-१२०, आहे का बघा, किंवा दोघांच्या सहीचा समझोता, ज्याला इथे मॅरिटल सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट म्हणतात, तो आहे का बघा. दोघांची सही असेल तर जीव बराचसा भांड्यात पडला समजा. ती भारतात परत गेली होती, समन्स पोस्टाने गेलं, तिने काही उत्तर दिलं नाही आणि निकाल लागला, असं चित्र असेल तर तुमच्या बहिणीचं लग्न पुण्यात लागण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यायलाच हवा, कारण पहिलीने भारतात केस केली तर त्यात तुमची बहीण विनाकारण ओढली जाईल. पहिलीने भारतात आधीच काही दाखल केलंय का हे ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने थोडंफार शोधता येतं, पण आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ मुळे ही प्रकरणं बंद दाराआड चालतात, त्यामुळे फाइल हातात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

याच काउंटी कोर्टात फौजदारी केस आणि घरगुती हिंसाचाराचे मनाई हुकूमही असतात, तेही बघून घ्या. पण इथे माझी एक कळकळीची विनंती आहे. मनाई हुकमाच्या अर्जात जे लिहिलेलं असतं तो एका बाजूचा आरोप असतो. वाचताना पोटात गोळा येतो, मान्य, पण त्यावर समोरच्याचं उत्तर काय होतं आणि शेवटी न्यायाधीशाने काय हुकूम दिला, की अर्ज मागे घेतला गेला, हे बघितल्याशिवाय मत करू नका. उलटही तितकंच खरं, सुनावणी होऊन काही वर्षांचा मनाई हुकूम निघालेला असेल तर ‘ती खोटं बोलत होती’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. आणि या कागदांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका, त्यात एका बाईचं आणि कदाचित एका लहान मुलाचं आयुष्य आहे.

इतर राज्यांबद्दल थोडं, कारण केस तिकडे निघू शकते. टेक्सासमध्ये घटस्फोटाचे कागद डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतात, काउंटी क्लार्ककडे नाही, आणि फ्रिस्को हे शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत विभागलेलं आहे, तेव्हा घराचा पत्ता बघून ठरवा. न्यूयॉर्कमध्ये मात्र वैवाहिक फाइल फक्त दोघं पक्षकार आणि त्यांचे वकील यांनाच मिळते, बाहेरच्याला कोर्टाच्या हुकमाशिवाय नाही, तिथे मुलानेच कॉपी काढून द्यायला हवी.

राज्याच्या आरोग्य खात्याकडे विचारू नका असंही सांगते, कारण कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे घटस्फोटाच्या नोंदी १९६२ ते जून १९८४ एवढ्याच आहेत, त्यानंतरचं सगळं काउंटीत. आणि ‘१ डॉलरमध्ये कोणाचंही रेकॉर्ड’ अशा साइटींना कार्ड नंबर देऊ नका, त्यांच्याकडचा डेटा जुना असतो आणि सारख्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची केस चिकटवलेली असू शकते.

भारतात दाखवायला फोटोकॉपी चालत नाही. वर सांगितलेल्या केसमध्येसुद्धा हायकोर्टाने मिसुरीच्या निकालाची फोटोकॉपी पुरावा म्हणून धरली नव्हती. मुलाला सर्टिफाईड कॉपी काढून त्यावर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावतात तो सरकारी दाखला, घ्यायला सांगा, २० डॉलर लागतात. ती कॉपी, मूळ अर्ज, समन्स बजावल्याचा पुरावा आणि समझोता किंवा पहिल्या बायकोचं उत्तर, एवढे कागद घेऊन पुण्यातल्या कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडे जा, आणि साखरपुड्याची तारीख त्यानंतर धरा.