जीएसला उभ्या राहणाऱ्या मुलीस

प्रिय,

उभी राहा. विद्यार्थी मंडळाच्या जीएसला (जनरल सेक्रेटरीला) उभी राहू का, या तुझ्या लांबलचक मेसेजला माझं उत्तर एवढंच आहे आणि ते मी पूर्ण विचार करून देतो आहे.

घोषवाक्य काय घ्यावं, फोटो कुठला लावावा, भाषण किती मिनिटांचं असावं, असं बरंच तू विचारलं आहेस. ते सगळं नंतर बघू. आधी जे पद मागते आहेस त्याला काय काय करता येतं ते समजून घे. विद्यार्थी मंडळाचं काम माझ्याकडे बरीच वर्षं होतं. हुशार, बोलकी, धडपडी मुलं निवडून येताना पाहिली आणि त्यांचं सगळं वर्ष गॅदरिंगमध्ये विरघळून गेलेलंही पाहिलं. स्टेज, मंडप, फिशपाँड, बक्षीस समारंभ, की संपलं. त्या मुलांची इच्छा कमी नव्हती, पण आपल्याला कुठल्या खोलीत बसायचा हक्क मिळाला आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझ्या जन्माच्या आधी, हाणामाऱ्या आणि खुनापर्यंत गोष्टी गेल्यावर, महाराष्ट्रातल्या खुल्या विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर वर्गात पहिला येईल तो सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, अशी रीत पडली. पुढे २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम आला, १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि कलम ९९ मध्ये निवडणूक पुन्हा कागदावर आली. अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी प्रतिनिधी आणि एक राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी सगळ्या विद्यार्थ्यांनी निवडायचे, शिवाय प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी. त्यानंतरही तारखा पुढेच जात राहिल्या. २०१९ मध्ये वेळापत्रक लागलं तर विधानसभा निवडणूक आडवी आली, मग कोरोना. म्हणून यंदा तुमच्या नोटीस बोर्डावर जे परिपत्रक लागेल ते शब्द न् शब्द वाच. गेल्या वर्षी कुणी काय सांगितलं होतं त्यावर जाऊ नकोस. आपण सगळे अजून 'जीएस' म्हणतो, कायद्यातली पदांची नावं वेगळी आहेत. अर्जावर कायद्यातलं नाव लिहावं लागतं.

आता त्याच कायद्याचं कलम ९७ काढ. महाविद्यालय विकास समिती. कॉलेजचा विकास आराखडा, अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, सोयीसुविधा हे सगळं या समितीपुढे येतं. वर्षातून किमान चार वेळा तिची बैठक व्हायला हवी. आणि विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष आणि सचिव तिचे सदस्य असतात. संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, प्राध्यापकांचे प्रतिनिधी यांच्याबरोबर एकाच टेबलाशी तुझी खुर्ची. मला विचारशील तर तू जी निवडणूक लढवते आहेस ती या खुर्चीसाठी आहे, गॅदरिंग हा तिच्याबरोबर येणारा आनंदाचा भाग.

तिथे बसलेला विद्यार्थी सहसा गप्प बसतो. चहा येतो, बिस्किटं येतात, समोर मोठी माणसं, आणि विषय वाचता वाचता "सर्वानुमते मंजूर" होऊन जातं. तू असं कर. बैठकीच्या आठ-दहा दिवस आधी प्राचार्यांना पत्र दे की अमुक विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. पत्र एका पानाचं, विषय एकच. दोन प्रती काढ. एक ऑफिसात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. ती तुझी स्थळप्रत. आवक-जावकाच्या टेबलावरचा माणूस "ठेव गो, साहेबांका देतंय मी" असं मायेनं म्हणेल आणि त्याचा हेतूही चांगलाच असेल. तरी शिक्का घेतल्याशिवाय हलू नकोस. तोंडी सांगितलेली मागणी पावसाळ्यातल्या पायवाटेसारखी असते, चार दिवसांत तिच्यावर गवत उगवतं. बैठक झाल्यावर इतिवृत्त माग आणि तुझा विषय त्यात कसा लिहिला आहे ते बघ. "चर्चा झाली" एवढंच असेल तर काही ठरलेलं नाही असं समज आणि पुढच्या बैठकीला तोच विषय पुन्हा दे.

विषय कुठला, हे मात्र मी सांगणार नाही. तो तुला एसटीत सापडेल.

हे मी अगदी शब्दशः म्हणतो आहे. प्रचाराच्या आधीचे दोन आठवडे रोज वेगळ्या गाडीनं जा. एक दिवस दोडामार्गच्या, एक दिवस शिरोड्याच्या, एक दिवस आंबोलीच्या. कॅन्टीनमध्ये दिसणारी, ग्रुपवर लिहिणारी, इव्हेंटला हजर असणारी मुलं तुला ओळखतातच. अर्धं कॉलेज मात्र शेवटचा तास संपायच्या आत दप्तर भरून स्टँडकडे पळतं. त्यांना मंडळ म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि मतदानाच्या दिवशी ती येतीलच असंही नाही. मागे एका मुलीला मी विचारलं होतं, प्रॅक्टिकल अर्धवट टाकून का जातेस? ती म्हणाली, "सर, ही गाडी चुकली तर मगे तिन्हीसांजेची. थंयसून घराक चलान जावचा लागता." तिची वाडी मुख्य रस्त्यापासून आत, रानातल्या वाटेनं. पावसात, अंधारात. तिच्या हजेरीच्या रकान्यात मात्र नुसतं 'गैरहजर' लागत होतं.

या एका मुलीच्या अडचणीत किती टेबलं गुंतली आहेत ते मोज. प्रॅक्टिकलची वेळ वेळापत्रक समितीकडे. गाडीची वेळ एसटीच्या आगार व्यवस्थापकांकडे. हजेरीची सूट प्राचार्यांकडे. हे वेगळं करता आलं की अर्धं काम झालं. "एसटीचा प्रश्न सोडवणार" असं पोस्टरवर लिहिणारे पुष्कळ भेटतील. तू लिही की "शेवटचं प्रॅक्टिकल अर्धा तास आधी संपावं म्हणून वेळापत्रक समितीला आणि गाडीच्या वेळेसाठी आगाराला प्राचार्यांच्या सहीनं पत्र जाईल, दोन्हींच्या पोच नोटीस बोर्डावर लागतील." हे लहान दिसतं. त्या गाडीतल्या चाळीस मुलांना ते लहान वाटणार नाही.

आपल्याच कोकणातलं उदाहरण घे. मधु दंडवते राजापूरचे खासदार होते आणि १९७७ ते १९७९ या काळात देशाचे रेल्वेमंत्री. तेव्हा दुसऱ्या वर्गात लाकडी फळीवर रात्र काढावी लागायची. त्या फळीवर दोन इंच फोम घालण्याचं काम त्यांनी सुरू केलं. एवढ्या मोठ्या खात्याच्या मंत्र्यानं फळीवर झोपणाऱ्याची पाठ लक्षात ठेवली. तू जाहीरनामा लिहायला बसशील तेव्हा कुणाच्या पाठीला काय रुततंय तेवढं आठव.

मुंबई विद्यापीठाच्या हाती असलेल्या गोष्टींची आश्वासनं देऊ नकोस. निकाल लवकर लावणार, परीक्षा पुढे ढकलणार, हे तुझ्या कॉलेजच्या मंडळाच्या हातात नाही. इथून विद्यापीठाचं कलिना जवळजवळ पाचशे किलोमीटर. मार्कशीटवरच्या नावातली एक चूक दुरुस्त करायला रात्रीच्या गाडीनं जाणारी आणि दुसऱ्या रात्री परतणारी मुलं मी पाहिली आहेत. पण एक गोष्ट तुझ्या हातात आहे. अशा सगळ्यांचे अर्ज कॉलेजात एकत्र गोळा करून, यादी करून, कॉलेजच्या पत्रासह पाठवायला लावणं. पंधरा मुलांची पंधरा भाडी वाचतात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीचंही तसंच. अर्ज कुठल्या त्रुटीवर परत आलाय हे मुलांना मुदत संपल्यावर कळतं. मंडळातल्या दोघांनी आठवड्यातून एक तास शिष्यवृत्तीच्या क्लार्कशेजारी बसून यादी वाचली आणि वर्गावर्गात सांगितली, तर कुणाच्या तरी घरची एका वर्षाची फी वाचेल. हे काम करायला निवडून येण्याचीही गरज नाही. आजपासून सुरू कर.

पैशाचं आता नीट ऐक. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीनं २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांसाठी शिफारशी केल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी त्या लागू करायला सांगितलं. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत. छापील पोस्टर नाही, हातानं केलेलीच. प्रचाराला लाऊडस्पीकर नाही, गाड्या नाहीत. राजकीय पक्षाचा पैसा नाही. हजेरी किमान ७५ टक्के आणि त्या वर्षी विषय राहिलेला नसावा. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा. तुमच्या परिपत्रकात आकडे थोडे वेगळे असतील तर ते पाळ, पण रोख हाच असणार.

तू उभी राहतेस हे कळलं की कुणीतरी दादा फोन करेल. बॅनर आमच्याकडून, टी-शर्ट आमच्याकडून, मतदानाच्या आदल्या दिवशी मुलांना गोव्याला फिरवून आणू. बोलणं अतिशय आपुलकीचं असेल. कदाचित तो तुझ्या बाबांना ओळखत असेल, गावच्या रस्त्याचं काम त्यानंच आणलं असेल. नम्रपणे नाही म्हण आणि त्याच दिवशी नाही म्हण. "बघते" म्हटलंस की त्याच्या हिशेबात तू घेतलेलीच असतेस. मग वर्षभर कुठल्या कार्यक्रमाला कोण पाहुणा बोलवायचा हे तू ठरवणार नाहीस. मोर्चाला मुलं किती आणायची तेही. घरी आईला मात्र आधीच सांगून ठेव, कारण दुसरा फोन तिला जाईल. तुझ्या पोस्टरला लागतील ते कार्डशीट आणि रंग, झेरॉक्स, प्रवास, यांचा हिशेब वहीत रोज लिही.

आणखी एक गोष्ट घडेल. "मुलगी आहेस, विद्यार्थिनी प्रतिनिधीला उभी राहा, बिनविरोध काढू," असं तुझेच मित्र म्हणतील. सरही म्हणतील. ती जागा महत्त्वाची आहे आणि ती लढवणाऱ्या मुलीबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण ती जागा मुलींना किमान एक खुर्ची मिळावी म्हणून आहे; बाकीच्या खुर्च्या मुलांसाठी राखून ठेवल्या आहेत असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. तुला अध्यक्ष व्हायचं आहे तर अध्यक्षपदाचा अर्ज भर. मग कुणी ग्रुपवर तुझ्याबद्दल घाणेरडं लिहील, फोटोत काही खेळ करील. दुर्लक्ष कर असं मी सांगणार नाही. स्क्रीनशॉट काढ, तारीख-वेळ दिसेल असा, आणि त्याच दिवशी अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी दे. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार ती समिती प्रत्येक कॉलेजात असलीच पाहिजे. एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला बरोबर घे.

गावावरून आणि जातीवरून मतांची बेरीज करणारे तुझ्या बाजूलाही असतील, समोरही. "आपल्या वाडीची पोरं आपलीच" असं तुझा प्रचारप्रमुख म्हणाला तर त्याला तिथेच थांबव. मंडळात राखीव प्रवर्गाच्या प्रतिनिधीची जागा का ठेवावी लागली हे समजून घेतलंस तर तसं बोलणं तुला सहनच होणार नाही. ज्या महाडमध्ये १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला ते याच किनारपट्टीवर, आपल्याच हायवेवर आहे. सूचक आणि अनुमोदक निवडताना म्हणून विचार कर. एक तुझ्या वर्गातला चालेल, दुसरा तुझ्या गाडीनं न येणारा, तुझ्या गटात न बसणारा असू दे. त्याला पटवायला तुला अर्धा तास लागेल, आणि तो अर्धा तास तुझा पहिला खरा प्रचार.

भाषणाचं विचारलं होतंस. तीन मिनिटं. कागद हातात असला तरी चालेल. आपल्याकडे वक्तृत्वाचं फार कौतुक आहे आणि बॅ. नाथ पै ज्या वेंगुर्ल्याचे, त्या भागात ते असणारच. पण तू त्या पट्टीत बोलायला जाऊ नकोस. एसटीतल्या मुलीचं सांग, तिच्यासाठी कुठल्या दोन टेबलांवर काय पत्र देणार ते सांग, आणि बस. मालवणीत बोलावंसं वाटलं तर बोल.

तारखांकडेही लक्ष दे. सत्र सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्यावी अशी लिंगडोह समितीची शिफारस आहे. आपल्याकडे हे दिवस लावणीच्या शेवटाचे आणि गणपतीच्या तोंडाचे. अर्धी मुलं शेतात, उरलेली मखराच्या तयारीत. मतदान चतुर्थीला चिकटून लागत असेल तर तारीख बदलून मिळावी म्हणून सगळ्या उमेदवारांच्या सह्यांचं पत्र आताच दे. प्रतिस्पर्ध्याकडे सही मागायला तू स्वतः जा.

पडलीस तर निकालाच्या दिवशीच जिंकलेल्याला भेट आणि एसटीच्या पत्राचा मसुदा त्याच्या हातात दे. सगळा तपशील, मुलांची यादी, गाड्यांच्या वेळा, सगळं. त्यानं ते काम केलं तर गाडी वेळेवर सुटेल, आणि त्या मुलीला गाडी कुणी आणली याच्याशी काही कर्तव्य नाही. त्यानं नाही केलं तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिथे कुठलाही विद्यार्थी अर्ज देऊ शकतो.

सोमवारी ऑफिसात जाऊन आधी आपल्या हजेरीचा आकडा बघून ये. जुलैत तापानं घरी होतीस त्या दिवसांचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जमा झालं आहे का तेही विचार. पत्राचा मसुदा झाला की मला पाठव. पेन्सिलीनं दुरुस्त करून फोटो पाठवीन.

तुझे,
सर