जुन्या लॅपटॉपवर आई-बाबांसाठी उबुंटू, मिंट, फेडोरा की डेबियन?

लॅपटॉप 4 जीबी रॅमचा आहे, विंडोज 11 घेत नाही आणि तो आई-बाबा वापरणार, असं तुम्ही लिहिलंय. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही चारही विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीची रूपं. माझ्या मते लिनक्स मिंट टाका, त्यातही एक्सएफसीई ही कमी रॅमवर चालणारी हलकी आवृत्ती.

ही चारही मी घरी वापरली आहेत. फेडोरा मला मनापासून आवडतं, नवं काही आलं की त्यात लवकर मिळतं. पण त्याच्या एका आवृत्तीला अपडेट साधारण 13 महिनेच मिळतात. म्हणजे दरवर्षी नवी आवृत्ती चढवायला तुम्हालाच घरी जाऊन बसावं लागेल. डेबियन भक्कम आहे, मात्र माझ्या जुन्या मशीनवर त्याला वायफाय सापडलंच नव्हतं. वायफाय चालवणारी छोटी फाइल, म्हणजे फर्मवेअर, शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हमध्ये आणावं लागलं. 2023 च्या डेबियन 12 पासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं, त्यामुळे ही अडचण आता बरीच कमी झाली आहे.

उबुंटू आणि मिंट एकाच घरातले. मिंट 22 हे उबुंटू 24.04 वरच उभं आहे आणि त्याला 2029 पर्यंत अपडेट मिळतील. फरक जाणवतो तो रोजच्या वापरात. उबुंटूत फायरफॉक्स ब्राउझर स्नॅपमधून (उबुंटूच्या अ‍ॅप पॅकेजच्या पद्धतीतून) येतो, आणि जुन्या हार्डडिस्कवर तो पहिल्यांदा उघडेपर्यंत माणूस चार वेळा क्लिक करून बसतो. मिंटने स्नॅप मुळातच बंद ठेवलंय. शिवाय खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे विंडोजची सवय असलेल्यांना काही शोधावं लागत नाही.

मराठी टायपिंगची काळजी नको. आयबस (भाषा टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाकून मराठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड निवडला आणि माझ्या बाबांची बोटं आपोआप चालायला लागली. शिफ्ट धरून J दाबलं की ऱ, शिफ्ट धरून N दाबलं की ळ, सगळं होतं तसंच. ‘दुसऱ्या’मधला र नीट उमटलेला बघून ते जे खूश झाले!

आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू करा, लगेच इन्स्टॉल करू नका. वायफाय, आवाज, प्रिंटर तिथेच तपासा. आणि तुमच्या बाबांच्या जुन्या फायली श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये) असतील तर विंडोज पुसण्याआधी त्या युनिकोडमध्ये करून घ्या. नंतर लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवरच्या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडल्यात तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील.