३,५०० स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा की नाही?

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाचा जोर तेलामार्फत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग. तुमची गाडी अशी: जीएमचं ५.७ लिटरचं एलएस१ इंजिन, मोठा कॅमशाफ्ट, ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ३.७३, टायरचा व्यास ६६ सेंटिमीटर. रोजचा वापर आणि अधूनमधून ड्रॅग स्ट्रिप. विक्रेता ३,५०० स्टॉलचा कन्व्हर्टर घ्या म्हणतो, मित्र म्हणतो २,४०० पुरे.

मी सुचवेन की तुमच्या इंजिनावर स्टॉल ३,००० ते ३,२०० भरेल असा, लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून स्लिप बंद करणारा क्लच) असलेला कन्व्हर्टर घ्या. ‘तुमच्या इंजिनावर’ हे मुद्दाम लिहिलंय. खोक्यावरचा स्टॉलचा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतोच.

स्टॉल म्हणजे टर्बाइन (कन्व्हर्टरचं गिअरबॉक्सकडचं चाक) थांबलेला असताना, पूर्ण थ्रॉटलवर इंजिन ज्या आरपीएमला जाऊन अडतं तो आकडा. तो कन्व्हर्टरच्या घडणीवर जितका अवलंबून असतो, तितकाच इंजिनाच्या टॉर्कवर. जाणकार यासाठी के-फॅक्टर वापरतात: स्टॉलचा आरपीएम भागिले त्या आरपीएमला मिळणाऱ्या टॉर्कचं वर्गमूळ. ३,००० आरपीएमला तुमचं इंजिन ४५० न्यूटन-मीटर देत असेल तर वर्गमूळ सुमारे २१.२ आणि के सुमारे १४१. हाच कन्व्हर्टर ३०० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे लावला तर स्टॉल २,४५० च्या आसपास येईल, ६०० च्या इंजिनामागे साधारण ३,४६० वर जाईल. वस्तू एकच, आकडे तीन. म्हणून ‘अमक्याच्या गाडीत ३,५०० मस्त चालतो’ या सल्ल्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा अमक्याचं इंजिन तुमच्यासारखंच असेल. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: हा ३,५०० किती टॉर्कवर मोजलाय? उत्तर देता आलं नाही तर दुसरीकडे जा.

मोजण्याच्या पद्धतीनेही आकडा बदलतो. ब्रेक दाबून थ्रॉटल दिला की बहुतेक गाड्यांची मागची चाकं खऱ्या स्टॉलच्या आधीच फिरू लागतात, त्यामुळे तो आकडा कमी दिसतो. उभ्या गाडीत एकदम पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन जिथे उसळी घेतं तो फ्लॅश स्टॉल. रस्त्यावरच्या गाडीसाठी तुलना फ्लॅश स्टॉलचीच करा.

आता ३,००० ते ३,२०० का? मोठ्या कॅमशाफ्टचं इंजिन खालच्या आरपीएमला मरगळलेलं असतं, त्याचा जोर वर सरकलेला असतो. डायनोचा (टॉर्क मोजणाऱ्या यंत्राचा) ग्राफ काढा आणि टॉर्कची रेष जिथे वर उचलते ती जागा बघा. फ्लॅश स्टॉल त्याच्या जरा पुढे हवा, पण टॉर्कच्या शिखराच्या खालीच राहायला हवा. दुसरी कसोटी गिअर बदलण्याची. ४एल६०ईचे रेशो ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० आहेत. पहिल्यातून दुसऱ्यात ही उडी फार मोठी आहे. ६,२०० वर गिअर बदलला तर, स्लिप (कन्व्हर्टरच्या दोन बाजूंच्या आरपीएममधला फरक) न धरता, इंजिन सुमारे ३,३०० वर येतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सुमारे ३,८०० वर. स्टॉल ३,००० च्या पुढे असला की गिअर पडल्यावर इंजिन जोराच्या पट्ट्यातच राहतं. २,४०० चा कन्व्हर्टर उभ्या गाडीतून निघतानाच कमी पडेल, कारण तिथे तुमचा कॅम जागा झालेलाच नसतो.

मग ३,५०० का नको? ड्रॅगपुरतीच गाडी असती तर मी हरकत घेतली नसती. पण रोजच्या वापराचं गणित करा. ताशी १०० किलोमीटरला तुमचं चाक मिनिटाला सुमारे ८०४ फेरे घेतं, ३.७३ आणि ०.७० ने गुणलं की इंजिन २,१०० वर येतं. लॉक-अप लागलेला असेल तर हा आकडा खरा. लागलेला नसेल, किंवा चढावर सुटला, तर इंजिन त्याहून काहीशे आरपीएम वर फिरतं आणि तो सगळा फरक तेलात उष्णता होऊन जिरतो. कन्व्हर्टर जितका सैल, म्हणजे जास्त स्टॉलचा, तितका हा फरक मोठा. शहरात लॉक-अप लागण्याइतका वेग येतच नाही, तिथे तर दर सिग्नलला हेच. म्हणूनच लॉक-अप नसलेला स्वस्त कन्व्हर्टर तुमच्या वापराला अजिबात घेऊ नका.

आणखी एक आकडा विचारा, जो फार कमी लोक विचारतात: स्टॉल टॉर्क रेशो. उभ्या गाडीत कन्व्हर्टर टॉर्क किती पट करतो ते हा आकडा सांगतो, साधारण १.८ ते २.५ मध्ये असतो. २.५ चा कन्व्हर्टर जोरात निघतो, पण रस्त्याच्या टायरवर तो जोर धुरात जातो, आणि वरच्या आरपीएमला त्याची पकड बहुधा कमी असते. तुमच्या टायरवर २ च्या आसपास ठीक.

बांधणीकडे बघताना व्यासापासून सुरुवात करा. कन्व्हर्टरची टॉर्क पेलण्याची ताकद व्यासाच्या पाचव्या घातात वाढते, म्हणून जास्त स्टॉलचे कन्व्हर्टर आकाराने लहान असतात. मूळ मोठ्या कन्व्हर्टरची पाती वाकवून ‘स्टॉल वाढवलेला’ माल मिळतो; तो टाळा, स्लिप तेवढी वाढते. पाती भट्टीत ब्रेझ केलेली हवीत, नुसती पट्ट्या दुमडून बसवलेली नकोत. आत सुयांचे थ्रस्ट बेअरिंग हवेत, स्टेटरचा (तेल वळवून टॉर्क वाढवणाऱ्या मधल्या चाकाचा) एकदिशी क्लच मजबूत हवा. पुढचं झाकण जाड हवं, कारण आतल्या दाबाने ते फुगलं की लॉक-अप क्लच सपाट बसत नाही आणि मागचा जोर थेट क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. पूर्ण थ्रॉटलवर लॉक-अप लावायचा विचार असेल तर एका चकतीचा क्लच जळेल, तीन चकत्यांचा घ्या. तसा विचार नसेल तर एक चकती पुरते.

ऑर्डर देताना चालकासह गाडीचं वजन, कॅमशाफ्टची ०.०५० इंच उचलीवरची ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते), कॉम्प्रेशन रेशो, डायनोचा ग्राफ, मागचा रेशो, टायरचा व्यास, आणि पुढे टर्बो किंवा नायट्रस लावणार असाल तर तेही लिहून द्या. गिअरबॉक्सचा नुसता प्रकार सांगून भागत नाही. ४एल६०ई याच नावाखाली २९८ आणि ३०० मिलिमीटरचे कन्व्हर्टर आले, आणि त्यांचे इनपुट शाफ्ट वेगळे. स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) मोजा, फ्लेक्सप्लेटच्या (कन्व्हर्टर इंजिनाच्या क्रँकला जोडणाऱ्या तबकडीच्या) भोकांचं वर्तुळ मोजा, क्रँकमध्ये बसणाऱ्या पायलटचा व्यास मोजा.

बसवतानाच सगळ्यात जास्त नवे कन्व्हर्टर आणि पंप मरतात. आधी गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन घ्या. जुन्या क्लचची भुकटी तिथेच बसलेली असते. कन्व्हर्टरमध्ये सुमारे १ लिटर ताजं ट्रान्समिशन ऑइल ओता, मग तो हलके फिरवत आत ढकला. तो तीनदा वेगवेगळा आत उतरला पाहिजे: स्टेटरच्या स्प्लाइनवर, इनपुट शाफ्टवर, आणि शेवटी पंपाच्या खाचेत. दोनदा उतरल्यावर झालं असं समजून बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाचे) बोल्ट आवळले की पंपाचा गिअर तुटतो. बेल हाउसिंग हाताने इंजिनाला टेकली पाहिजे. बोल्टने ओढावी लागत असेल तर थांबा. टेकल्यावर कन्व्हर्टर मागे पूर्ण ढकला आणि फ्लेक्सप्लेटपर्यंतची फट मोजा. ३ ते ५ मिलिमीटर बरोबर. फट नसेल तर गरम झाल्यावर पंप दाबला जातो. जास्त असेल तर तिन्ही बोल्टांवर, कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटच्या मध्ये, सारख्या जाडीचे वॉशर घाला. बोल्ट कन्व्हर्टर बनवणाऱ्याने दिलेल्या लांबीचेच वापरा. लांब बोल्ट पुढच्या झाकणात आतून पोचा पाडतो, आणि नेमका तिथेच लॉक-अप क्लच घासतो.

कूलर वेगळा लावाच, थरांच्या प्लेटचा, आणि गिअरबॉक्सच्या तेलाच्या पॅनमध्ये तापमानाचा सेन्सर बसवा. ८० ते ९५ अंश सेल्सिअस चांगलं. १२० च्या वर तेल भराभर खराब होतं, सील कडक पडू लागतात.

मग ट्यूनिंग. गाडीच्या कॉम्प्युटरचा मूळ प्रोग्रॅम घट्ट कन्व्हर्टर गृहीत धरून लिहिलेला असतो, त्यामुळे सैल कन्व्हर्टरची नेहमीची स्लिप त्याला बिघाड वाटू शकते आणि पी०७४१ सारखा (लॉक-अप नीट लागत नसल्याचा) कोड येतो. ४एल६०ईच्या अनेक गाड्यांत लॉक-अप हळूहळू, थोडी स्लिप ठेवून लावला जातो. नव्या कन्व्हर्टरच्या चकतीला ते चालतं का, बनवणाऱ्याला विचारा. चालत नसेल तर ती पद्धत बंद करून घ्या. लॉक-अप लागण्याचा वेग आणि थ्रॉटलची मर्यादाही नव्याने ठरवून घ्या, नाहीतर लॉक-अप सतत लागतो-सुटतो.

शेवटी स्टॉल तपासताना पूर्ण थ्रॉटल ५ सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका. ४५० न्यूटन-मीटर ३,००० आरपीएमला म्हणजे सुमारे १४० किलोवॉट, आणि ती सगळी उष्णता थोड्याशा तेलात जाते. दोन चाचण्यांमध्ये न्यूट्रलला १,००० ते १,२०० आरपीएमवर मिनिट-दोन मिनिटं चालवून तेल थंड होऊ द्या. अपेक्षेपेक्षा बराच जास्त आकडा आला तर आधी तेलाची पातळी बघा, मग गिअरबॉक्सचे क्लच घसरतायत का ते. साधारण एक तृतीयांशाने कमी आला आणि इंजिन धडधाकट असेल, तर स्टेटरचा एकदिशी क्लच दोन्हीकडे फिरतोय. याउलट गाडी निघते छान, स्टॉलही बरोबर, पण वेगात दम नाही आणि तेल तापतं, तर तोच क्लच जाम झालाय. या दोन्ही दोषांत गिअरबॉक्स उघडायची घाई करू नका; कन्व्हर्टर काढून, आरपीएम आणि तापमानाच्या नोंदींसह बनवणाऱ्याकडे परत पाठवा.