चितळ आणि वानरांची दोस्ती खरी असते का?

तुम्ही विचारलंय, की सफारीत गाईड चितळ-वानरांच्या दोस्तीबद्दल सांगतात ते खरं, की पर्यटकांना खूश करायला रचलेलं? खरं आहे. त्यात दोस्तीपेक्षा गरज जास्त आहे, एवढंच. पण मला त्यामुळे ती कमी सुंदर वाटत नाही.

आम्ही इंदूरचे, त्यामुळे सुट्टीत कान्हा नाहीतर पेंच ठरलेलं. एकदा मे महिन्यात कान्ह्याला सकाळी आमची जिप्सी एका झाडापाशी थांबली होती. वर वानरांची टोळी. वानर फांदी ओढतं, कोवळी चार पानं खातं आणि उरलेली डहाळी सोडून देतं. खाली सात-आठ चितळं. डहाळी पडली की एक मादी मान न उचलता नुसता कान तिकडे वळवायची, मग दोन पावलं टाकून पाला तोंडात घ्यायची. पाडस तर थेट फांदीखालीच उभं होतं, पाठीवर पानं पडत होती तरी हलेना. उन्हाळ्यात गवत वाळून जातं, आणि चितळाचं तोंड पोचत नाही तिथला हिरवा पाला वानरांमुळे आयता मिळतो. म्हणून ही सोबत कोरड्या महिन्यांत जास्त दिसते. येतात बहुतेक चितळंच. वानरं त्यांना शोधत जात नाहीत.

दुसरी गोष्ट राखणीची. वानराला उंचावरून लांबचं दिसतं, चितळाला वास आणि चाहूल लवकर लागते. चितळ नुसत्या संशयानेही पुढचा पाय आपटून ओरडतं. वानराचं 'खक-खक' मात्र बहुधा वाघ-बिबट्या डोळ्यांनी दिसल्यावरचं, म्हणून गाईड त्यावर जास्त भरवसा ठेवतात.

मला तिथे आजीने सांगितलेली महाशिवरात्रीची कथा आठवली. त्यात बेलाच्या झाडावर व्याध बसलेला असतो, त्याच्या हातून पानं खाली पिंडीवर पडतात, आणि समोरची हरिणी पिल्लांना भेटून परत येण्याचं वचन देते. झाडावरून पानं पडतायत आणि खाली हरीण उभं आहे, हे दृश्य आपल्या कथेत किती जुनं आहे! आमच्या इंदूरजवळ रालामंडलच्या डोंगरावर होळकरांची शिकारगाह आहे. 1989 पासून तिथे अभयारण्य आहे आणि चितळं निर्धास्त चरतात. तिथे गेले की मला तो व्याध हमखास आठवतो.

एक कळकळीची विनंती. ओंकारेश्वरला किंवा घाटातल्या रस्त्यावर वानरांना बिस्किटं, केळी देऊ नका. मारुतीचं रूप म्हणून लोक श्रद्धेने देतात, ते मला कळतं, आमच्या घरातही देत असत. पण वानराचं पोट चितळासारखंच कप्प्यांचं, पाला आंबवून पचवणारं. गोड पदार्थांनी ते बिघडतं, आणि रस्त्याची सवय लागली की गाडीखाली जीव जातो. त्याचं अन्न झाडावरच आहे.

तुम्ही जाल तेव्हा एप्रिल-मेमध्ये जा. बाकीच्या गाड्या वाघामागे जाऊ द्यात. पाला खाणारी टोळी दिसली की ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा आणि झाडाखाली बघत राहा. डहाळ्या पडायला लागल्या की चितळं यायला फार वेळ लागत नाही.