ऑफिसच्या मीडियाविकीवर (विकिपीडियाही ज्यावर चालतो ते विकी सॉफ्टवेअर) फक्त लॉगिनवालेच एडिट करतात, तरी स्टोअर्ड एक्सएसएसचा धोका असतो का?

हो, असतो, कारण यात कुणीतरी पानात घुसवलेली स्क्रिप्ट (ब्राउझरमधे चालणारा कोड) डेटाबेसमधे सेव्ह होऊन बसते आणि ॲडमिनने ते पान नुसतं उघडलं की त्याच्याच सेशनमधे चालते, म्हणजे साध्या अकाउंटवाल्याला फुकटात ॲडमिनचे हक्क. मी मीडियाविकीच सांभाळतो त्यावरून सांगतो, विकिटेक्स्ट (पानं लिहायची विकीची खास भाषा) तसा नीट गाळला जातो, भोकं बहुतेक एक्स्टेन्शनमधे (वरून जोडलेल्या ॲड-ऑनमधे) निघतात, कुठेतरी एडिट समरी (बदलाची छोटी नोंद) एस्केप न करता, म्हणजे त्यातली कोडची चिन्हं निष्प्रभ न करता, तशीच छापलेली असते.

- नको ती एक्स्टेन्शन्स काढा, उरलेली अपडेट ठेवा
- रॉ एचटीएमएलचं (पानात थेट एचटीएमएल लिहू देणारं) सेटिंग मुळात बंदच असतं, कुणी हौसेने चालू केलंय का बघा

लॉगिनची कुकी एचटीटीपी-ओन्ली (स्क्रिप्टला वाचता न येणारी) असेल तर ती चोरता येत नाही, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका, स्क्रिप्ट त्या पानावरूनच टोकन (एडिट त्याच युजरने केलंय हे तपासायचा गुप्त कोड) उचलून ॲडमिनच्या नावाने एडिट मारू शकते.