रांगा, उपउत्पाद आणि टंगस्टन

इंदूरच्या एका ताई हिंदी पाठाचं मराठी करत आहेत. त्यांचं वाक्य : 'रांग्याच्या उत्खननात व वितळवण्यात टंगस्टनची खनिजे उपउत्पाद म्हणून मिळतात.' यातलं 'उपउत्पाद' चालेल का, असं त्या विचारतात.

ताई, उप आणि उत्पादन यांचा संधी 'उपोत्पादन', उपोद्घातासारखाच. पण आधी तो 'रांगा' काढा. इंदुरात तो कुणालाही कळेल. पुण्यातला वाचक मात्र पिशवी घेऊन रांगेत उभा राहायचा! मराठीत कथील, कल्हईला लागतं तेच.

उपोत्पादन कशाला म्हणायचं, हा प्रश्न जास्त अवघड. टंगस्टनचं खनिज वुल्फ्रामाइट आणि कथिलाचं खनिज कॅसिटेराइट पुष्कळदा खडकातल्या एकाच शिरेत सापडतात. जमिनीत असेपर्यंत ते सहखनिजच. दोघांचीही घनता पाण्याच्या सातपटीच्या आसपास. पाण्याने धुतलं की हलकी माती वाहून जाते, ही जोडी तळाशी एकत्र राहते. तशीच भट्टीत गेली, तर टंगस्टन धातुमळीत, म्हणजे भट्टीतल्या टाकाऊ गाळात, उतरतं आणि जाताना कथीलही ओढून नेतं. जर्मन भट्टीवाल्यांनी त्याला लांडगाच ठरवलं. खनिजांचा अभ्यासक अॅग्रिकोला याने १५४६ मध्ये 'लांडग्याचा फेस' अशा अर्थाचं लॅटिन नाव नोंदवलं. जर्मनमध्ये टंगस्टनला वुल्फ्राम म्हणतात; त्याची डब्ल्यू ही संज्ञा त्यावरूनच आली. अशा उपद्रवाला उपोत्पादन म्हणणं मला पटत नाही. उत्पादन म्हटलं की गिऱ्हाईक हवं.

ते बरंच उशिरा आलं. १८४० च्या दशकात रसायनतज्ज्ञ रॉबर्ट ऑक्सलंड यांनी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या धातुकासाठी (खाणीतल्या कच्च्या खनिजासाठी) रीत काढली : सोड्याबरोबर भाजायचं, म्हणजे टंगस्टनचा क्षार पाण्यात विरघळून निघतो. हेतू कथील शुद्ध करण्याचा. १८६८ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट मशेटचं टंगस्टनयुक्त पोलाद आलं, पुढे दिव्यातली तार, आणि नकोसा माल विकाऊ झाला. वुल्फ्रामाइट चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, कॅसिटेराइट नाही. त्यामुळे वेगळं काढणंही सोपं झालं. इथून पुढे उपोत्पादन हा शब्द खुशाल वापरा.

'वितळवणे' मात्र बदला. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं. भट्टीतलं खरं काम खनिजातला ऑक्सिजन कोळशाकरवी काढून घेण्याचं. परिभाषेत प्रगलन, मुलांसाठी 'धातू गाळणे' पुरे.

मी असं लिहीन : 'कथिलाच्या काही खाणींत टंगस्टनची खनिजेही सापडतात; ती गाळण्याआधी वेगळी काढून उपोत्पादन म्हणून विकतात.'